डुकराच्या रुपयाला कडी

नाण्याला भोक पाडायचं नाही, कडी लावायची नाही, घासायचं नाही आणि ओल्या हाताने धरायचं नाही. हे नियम तुम्ही दोघं रांगत होतात तेव्हापासून ऐकत आला आहात. सुटीत देऊळगाव राजाला आलात की अल्बम उघडण्याआधी मी तुमचे हात साबणाने धुऊन, पंच्याने पुसून, वर थोडा वेळ उन्हात धरायला लावत असे. धाकट्याने एकदा चिवड्याच्या बोटांनी निजामाच्या पैशाला हात लावला, तेव्हा मी दुपारभर त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलले. माझ्या शाळेतल्या मुलांना ती मोठी शिक्षा वाटायची. मेलबर्नच्या पोराला शिक्षा झाल्याचं कळलंसुद्धा नाही.

त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास थोरलीचा व्हिडिओ कॉल आला आणि तिने अगदी लाडात येऊन विचारलं, "आजी, तुझ्या जुन्या नाण्यांपैकी एकाचं मला पेंडंट करून पाठवशील? माझ्या लग्नात घालायला?" तेव्हा मला आधी वाटलं, फोनमध्येच काही बिघाड आहे.

"कशाचं?"

"पेंडंट. गळ्यातलं. इथे सगळ्या मैत्रिणी तसली विकत घेतात, पण ती खोटी असतात. माझ्या आजीकडे खरी आहेत."

शेवटचं वाक्य असं होतं की त्यावर नाही म्हणणं कठीण. मी म्हटलं, "बघते." तुमच्या वडिलांना विचारा, मी "बघते" म्हटलं की लहानपणी ते विषय सोडून द्यायचे. थोरलीला हे कोणी सांगितलेलं नाही. तिने टाळ्या वाजवल्या.

जुन्या नाण्यांचे दागिने मला माहीत नाहीत असं नाही. आपल्या भागात पूर्वी चांदीचे रुपये गोळा करून त्यांना कड्या लावायच्या आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे, ही घराघरांतली रीत होती. असे रुपये पुढे संग्राहकाकडे येतात तेव्हा त्यांची दशा बघवत नाही. कडी उपटलेल्या जागी टवका असतो. वर्षानुवर्षं लुगड्याला घासून रुपयावरच्या व्हिक्टोरिया राणीचं नाक गेलेलं असतं, आणि वर्षाचा आकडा तर अंदाजाने वाचायचा. सोनाराने उजळून दिलं असेल तर अंगावरची मूळची तकाकी जाते आणि स्टीलच्या वाटीची चमक येते. असं नाणं धड नाणं राहत नाही. संग्राहक ते हातात घेतो, उलटसुलट करतो आणि सुतकी चेहऱ्याने परत देतो. मी तसा चेहरा अनेकदा केला आहे, तो मला चांगला जमतो.

त्या दिवसांत माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. वाकायचं नाही, वाचायचं नाही, भिंगाला हात लावायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. डोळ्यात थेंब घालायला घरात कोणी हवं, म्हणून माझ्या जाऊबाई धामणगाव बढ्याहून आल्या होत्या. तुम्ही त्यांना मोठी आजी म्हणता. त्या बुलडाण्याला आणि चिखलीला एसटी बदलून, वांग्यांची पिशवी आणि मेथीचं गाठोडं सांभाळत एकट्या आल्या आणि आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघरातले डबे त्यांच्या सोयीने लावून टाकले. त्यांच्या गळ्यात सासूबाईंची रुपयांची माळ असते. आंघोळीलासुद्धा ती निघत नाही. त्या माळेतल्या एकाही राणीला आता नाक नाही.

फोन चालू असताना त्या माझ्या मागेच मेथी निवडत बसल्या होत्या.

"काऊन वं मास्तरीण," फोन ठेवल्याबरोबर त्या म्हणाल्या, "पोट्टी एक रुपया मांगून राह्यली, तं तुह्यं तोंड असं काऊन झालं?"

"रुपया नाही जाऊबाई, नाणं."

"मंग नाणं. थप्प्या हायेत तुह्यापाशी."

"थप्प्या नाहीत. संग्रह आहे."

"तेच ते. पलास्टिकात कोंडून ठेवले बिचारे. ना लग्न, ना कार्य, ना कोणाच्या गळ्यात, ना कोणाच्या हातात. जन्मभर कुवारे."

या संग्रहाबद्दल आमचं भांडण जुनं आहे. माझं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा एका लक्ष्मीपूजनाला मी वाण्याकडून धणे आणायला गेले. परत येते तो जाऊबाईंनी माझा नाण्यांचा डबा काढून, चिंच आणि राखेने सगळी नाणी लख्ख घासून पाटावर मांडलेली. वर हळदकुंकू. माझ्याकडे बघून इतक्या आनंदाने हसल्या की मला रडताही येईना. त्या दिवसापासून नाणी अल्बममध्ये गेली आणि अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कुलुपात.

त्या दिवशी घासण्यातून वाचलेलं एकच नाणं होतं, कारण ते डब्यात नव्हतं, माझ्या ट्रंकेत होतं. त्याची गोष्ट तुम्हाला पूर्ण सांगितलेली नाही, ती आता सांगते, म्हणजे पुढे जे झालं ते मला का लागलं हे कळेल.

आमच्या लग्नानंतरचा पहिला पाडवा. बायकोने नवऱ्याला ओवाळायचं आणि नवऱ्याने तबकात काहीतरी टाकायचं. जाऊबाईंनी ओवाळलं, मोठ्या भाऊजींनी तबकात सोन्याच्या कुड्या टाकल्या. मग मी ओवाळलं. तुमच्या आजोबांनी खिशात हात घालून एक रुपया टाकला. तो तबकात वाजला, सगळ्यांनी ऐकला. जेवताना जाऊबाईंनी माझ्या पानात एक करंजी जास्त वाढली. ती दयेची करंजी होती. मला अजून तिची चव आठवते.

जेवणं झाल्यावर आजोबांनी मला ओसरीवर उजेडात नेलं आणि हातात भिंग दिलं. "राजाच्या छातीकडे बघ," म्हणाले. पंचम जॉर्ज बादशहाचा अगदी पहिल्या वर्षीचा रुपया तो. बादशहाच्या झग्यावर एक साखळी आहे आणि साखळीत इवलासा हत्ती. चित्रकाराने हत्तीची सोंड इतकी आखूड काढली की त्याचं डुक्कर झालं. लोकांच्या ते ध्यानात आलं, गावोगाव कुजबुज झाली, सरकारने ते रुपये मागे घेतले आणि पुढच्या वर्षी हत्तीला लांब सोंड मिळाली. जुने जाणते अजून त्याला डुकराचा रुपया म्हणतात. आजोबांनी आणलेला रुपया तर कोणाच्या हातात न खेळलेला, टाकसाळीतून कालच निघाल्यासारखा होता.

"तू दिवसभर पोरांच्या वह्यांत चुका शोधतेस," ते म्हणाले. "म्हटलं, तुला दुरुस्त करता न येणारी एक चूक आणून द्यावी."

माझा सगळा संग्रह त्या रुपयाच्या मागोमाग आला. पहिल्या अल्बमच्या पहिल्या पानावर, पहिल्या खिशात तो असतो. आजोबा गेल्यावर मी कधीकधी भिंग घेऊन बसते, ते नुसता आकडा वाचायला नव्हे. असो.

तर थोरलीच्या पेंडंटला बळी कोणता द्यायचा, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. डुकराच्या रुपयाचा विचारसुद्धा मनात आला नाही. माझ्याकडे दुबार नाण्यांचं एक पाकीट आहे. त्यात पंचम जॉर्जचाच, पण नंतरच्या वर्षाचा, हातोहात फिरून गुळगुळीत झालेला एक रुपया होता. बादशहाची दाढी तेवढी ओळखू येत होती. संग्रहाच्या दृष्टीने त्याला काही किंमत नाही आणि चांदी मात्र खरी. मी जाऊबाईंना कपाटातून पहिला अल्बम काढायला लावला, तो आणि डुकराचा असे दोन्ही रुपये शेजारी ठेवून डाव्या डोळ्याने पाहिले, झिजलेला रुपया पांढऱ्या कागदाच्या पुडीत बांधला, पुडीवर नाण्याचं वर्ष, धातू, अवस्था आणि "पेंडंटसाठी" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि पुडी अल्बमवर ठेवली. वाकायची बंदी असल्याने अल्बम टेबलावरच राहिला.

दुपारी जाऊबाईंनी माझ्या डोळ्यात थेंब घातले. थेंब घातल्यावर डोळे मिटून पडून राहायचं असतं. मी पडून होते. प्लास्टिकची पानं करकरल्याचा आवाज आला.

"काय करताय, जाऊबाई?"

"काई नाई. धूळ झटकून राह्यली."

"अल्बमला हात लावू नका."

"धुळीले हात लावून राह्यली वं माय, अल्बमले कायले लावू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सराफ्यात गेलो. मी काळा चष्मा लावलेला, जाऊबाईंनी माझा दंड धरलेला. बालाजीच्या देवळाकडून येणाऱ्या बायका बाजूला होऊन मला वाट देत होत्या. सोनार माझा जुना विद्यार्थी आहे. मी दुकानात पाय ठेवला की तो अजूनही उभा राहतो आणि गिऱ्हाईक समोर असलं तर त्यालाही उभं करतो.

"मॅडम, या. पेंडंट ना? नाण्याचं? आता लई चालतंय ते." त्याने काचेखालून एक तबक ओढलं. त्यात चकचकीत राण्यांची रास होती. "अस्सल कशाला मोडता? ही राणी बघा. कालच आली."

"कालच आली म्हणजे?"

"कालच बनली, मॅडम. जुन्या राणीपेक्षा गोरी आहे. हिच्या पाठीला लक्ष्मीपण आहे."

मी एक उचलून डाव्या डोळ्याजवळ नेली. खरोखरच एका बाजूला व्हिक्टोरिया राणी आणि दुसऱ्या बाजूला कमळावर लक्ष्मी. शिवाय वर्ष असं घातलेलं, की त्या वर्षी राणीला जाऊन बराच काळ लोटला होता.

"हे वर्ष चूक आहे," मी म्हटलं.

"गळ्यात वर्ष कोण वाचतंय, मॅडम?"

"मी वाचते."

त्याने तबक परत काचेखाली सरकवलं. मी पर्समधून पुडी काढून त्याच्यापुढे ठेवली. कडी बारीक हवी, राजाच्या डोक्यावर बरोबर मध्यावर हवी आणि डाग कमीत कमी लागावा, अशा सूचना दिल्या. प्रत्येक सूचनेला तो वर्गातल्यासारखा "येस मॅडम" म्हणत होता.

"पुडी सोडून एकदा बघून घेता का?" त्याने विचारलं.

"मी स्वतः बांधली आहे. वर सगळं लिहिलेलं आहे."

"तरी पण..."

"लिहिलेलं वाच."

त्याने वाचलं. मी त्याला कित्येक वर्षांपूर्वी हेच सांगत असे: उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाच. जाऊबाईंना त्या क्षणी पलीकडच्या काचेतल्या तोरड्यांमध्ये एकदम फार रस निर्माण झाला. माझा दंड सोडून त्या तिकडे गेल्या आणि निघेपर्यंत आल्याच नाहीत. त्यांना या वयात पायात तोरड्या कशाला, असा विचार माझ्या मनात आला होता. तो मी पुढे न्यायला हवा होता.

पेंडंट तयार असल्याचा निरोप आला तोवर माझा काळा चष्मा उतरला होता आणि भिंगाची बंदीही उठली होती. जग इतकं स्वच्छ दिसत होतं की समोरच्या भिंतीवरची पाल मला वैयक्तिक ओळखीची वाटू लागली. सोनाराने लाल डबी उघडून माझ्यापुढे धरली.

डबीत बादशहा झळकत होता. दाढीचा केस न् केस सुटा. मुकुटावरचे मणी मोजून घ्यावेत असे. डोक्यावर मधोमध, मी सांगितली होती तशीच, बारीक कडी.

मला वाटलं, सोनाराने झिजलेल्या रुपयाला हे कसं काय केलं? मग मी पर्समधून भिंग काढलं आणि बादशहाच्या छातीकडे पाहिलं.

तिथे डुक्कर होतं.

मी भिंग पदराने पुसून पुन्हा पाहिलं. तरी डुक्करच. सोनार काचेमागून धावत आला. "मॅडम, कडी वाकडी बसली का? पुन्हा करून देतो. पॉलिश कमी झालं का? रिठ्यात अजून एकदा उकळू का?"

"उकळू नकोस!" मी इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

"हे माझं नाणं नाही," मी म्हटलं. "म्हणजे माझंच आहे. पण हे नाही. पुडीत दुसरं होतं."

"पुडीत हेच होतं, मॅडम. पुडीवर झिजलेलं लिहिलं होतं आणि आत हे निघालं. मला वाटलं, तुमच्या हिशेबाने हे झिजलेलंच असेल. तुम्ही पेपरसुद्धा कडक तपासायच्या."

मी जाऊबाईंकडे वळले. या वेळी त्यांनी तोरड्यांचा आसरा घेतला नाही. कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"म्याच बदलला."

"का?"

"काऊन म्हंजे? घरची लेक लग्नात उभी राह्यणार, अन् तिच्या गळ्यात झिजका रुपया? वटीत कोणी नासका नारय टाकते का? लेकीले द्याचं तं कोरं द्या लागते. तुह्या पुडीतला अन् पानावरचा, दोघं एकाच तोंडाचे. त्याच राजाचा एक घासलेला, एक कोरा. म्या कोरा पुडीत टाकला, घासलेला त्याच्या जागी ठुला. तुह्या पलास्टिकाले कायचा फरक पडते? त्याले थोडंच मिरवाचं हाय?"

मी डबी त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "जाऊबाई, हा पाडव्याचा रुपया आहे."

"कोणच्या पाडव्याचा?"

"कुड्यांच्या."

त्यांनी डबीकडे पाहिलं. त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला. त्या कुड्या त्यांनी कधीच सुनेला दिल्या आहेत. "भाऊजींनी तुह्या तबकात टाकला व्हता तो?" त्या हळू म्हणाल्या. "मले काय मालूम वं. मले वाटलं, खर्चून टाकला असीन तुनं. एक रुपया तं व्हता."

मग मात्र मला राग आला. "एक रुपया!" मी भिंग त्यांच्या हातात कोंबलं. "बघा. राजाच्या छातीवर बघा काय आहे."

त्यांनी भिंग आधी उलटं धरलं, मग सुलटं केलं. "साखळी हाय."

"साखळीत?"

"हत्ती."

"नीट बघा. सोंड कुठाय?"

त्यांनी भिंग पुढे-मागे केलं. सोनारही त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. मग जाऊबाईंनी भिंग काचेवर ठेवून दिलं, जणू ते चावलं.

"अवो माय! हे तं डुक्कर हाय!"

"हो."

"पोट्टीच्या गळ्यात? लग्नात? माह्या हातानं?" त्या सोनाराकडे वळल्या. "काढ बाप्पा, आत्ताच्या आत्ता काढ ते कडी!"

"काढतो की आजी. पण मॅडम, डाग राहणार. वर थोडा टवका निघंल." तो माझ्याकडे बघत होता. "काढू?"

मला ठरवायचं होतं. कडी काढली तर रुपया पहिल्या पानावर परत जाईल, पण डोक्यावर जखम घेऊन, अंगावरची तकाकी घालवून. ती तर रिठ्याच्या पाण्यात केव्हाच गेली होती. आणि असं नाणं दुसऱ्या कोणी मला दाखवलं असतं, तर मी काय चेहरा केला असता हे मला माहीत होतं. मी तोच चेहरा करून बसले होते.

"लाव फोन," जाऊबाई म्हणाल्या. "पोट्टीलेच सांग, चुकी झाली. मी सांगतो. तुह्यानं नाई व्हणार."

मेलबर्नला संध्याकाळ होती. थोरली भाजी चिरत होती. जाऊबाईंनी माझ्या हातातून फोन घेऊन तो तोंडाच्या इतका जवळ धरला की तिकडे फक्त त्यांची नाकपुडी दिसत असावी.

"ऐक वं बाई, तुह्या रुपयात डुक्कर निंघालं."

"मोठी आजी? काय निघालं?"

पुढची जबाबदारी मी घेतली. भिंग फोनपुढे धरलं, भिंगापुढे रुपया, आणि सोनाराने दुकानातला सगळ्यात प्रखर दिवा वर. थोरलीने सुरी ठेवली. तिचा चेहरा मोठा होत होत फोनभर पसरला.

"आजी, थोडं डावीकडे. हलवू नकोस. ओह! हे खरंच डुक्कर आहे!"

"हत्ती आहे," मी सवयीने म्हटलं आणि गोष्ट सांगितली: आखूड सोंड, कुजबुज, परत घेतलेले रुपये, पुढच्या वर्षीची लांब सोंड. आजोबांचं वाक्यही सांगितलं. एरवी मी ही गोष्ट सांगते तेव्हा लोक "हो का?" म्हणतात आणि चहा घेतात. तुमच्या वडिलांनी तर एकदा मध्येच क्रिकेटचा स्कोअर विचारला होता.

थोरलीने सुरी पुन्हा उचलली नाही. मग म्हणाली, "आजी, ज्याने हे चित्र काढलं, त्याचं पुढे काय झालं?"

मला हा प्रश्न पहिल्या पाडव्यापासून पडलेला आहे. रात्री झोप येईनाशी झाली की मी त्या चित्रकाराचा विचार करते. त्याने कधी हत्ती पाहिला होता का? साहेबाने त्याला बोलावून काय म्हटलं असेल? बायकोला त्याने घरी जाऊन काय सांगितलं असेल? इतक्या वर्षांत हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "शोधते आहे."

"मला हेच पाहिजे, आजी. हेच डुक्कर."

जाऊबाई मध्ये घुसल्या. "लग्नात डुक्कर घालशीन? सासरचे काय म्हनतीन?"

"मोठी आजी, ते किती क्यूट आहे!"

"क्यूट म्हंजे काय?" जाऊबाईंनी सोनाराला विचारलं.

"गोजिरं," सोनार म्हणाला. इंग्रजीत तो माझ्याकडे दोनदा नापास झाला होता, पण हे त्याला बरोबर आलं.

मग थोरलीच्या लक्षात आलं. "पण आजी, हे आजोबांनी तुला दिलेलं आहे. मग नको. तू ठेव."

"कुठे ठेवू?" मी म्हटलं. "अल्बमच्या खिशात कडी मावत नाही."

खोटं नव्हतं. घरी येऊन मी प्रयत्न करून पाहिला. खिसा कडीपाशी अडतो आणि पान मिटत नाही. त्या जागी जाऊबाईंनी ठेवलेला गुळगुळीत रुपया होता, आणि खाली माझ्या सर्वोत्तम अक्षरातली चिठ्ठी: "कोरं, न हाताळलेलं." ती चिठ्ठी बदलायला हवी. अजून बदललेली नाही.

पार्सल बांधायला घेतलं त्या सकाळी जाऊबाईंनी आंघोळ करून डबी देवापुढे ठेवली. मी म्हटलं, "फक्त ठेवा. पाणी नाही, दूध नाही, चिंच नाही." त्या हो म्हणाल्या. मी दोरा आणायला आत गेले आणि परत आले, तर बादशहाच्या छातीवर कुंकवाचं ठसठशीत बोट. बरोबर साखळीच्या जागी. बाकी झगा स्वच्छ, हत्ती पूर्ण गायब.

"झाकलं," जाऊबाई म्हणाल्या. "आता कोणाले दिसत नाई."

माझा हात कापडाकडे गेला होता. कुंकवाने चांदीचं काय होतं हे मला ठाऊक आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या इतक्या आनंदाने हसत होत्या की मी डबी मिटली आणि वर दोरा बांधला.

तर थोरले, डबी उघडशील तेव्हा राजाच्या छातीवर लाल ठिपका दिसेल. लग्नाच्या दिवशी तो राहू दे, मोठी आजी व्हिडिओवर बघणार आहे. नंतर मऊ सुती कापडाने, कोरड्याने, हलकेच टिप. घासू नकोस. पाणी लावू नकोस. त्या आधी हात धू, पूस आणि थोडा वेळ उन्हात धर. मग धाकट्याला बोलाव, त्याच्या हातात भिंग दे आणि आधी काही सांगू नकोस. त्याला काय दिसतं ते मला कळव.